बिलावरचा आकडा

उर्झुलाबाईंना ब्रेमेनमधली कॉफी हवी होती.
चांगली नको, वेगळी नको, मुंबईची तर नकोच.
सकाळपासून मुंबई खूप झाली होती त्यांना.
म्हणाल्या, थोडा वेळ घरी जाऊ या.
आणि ताजच्या मागच्या गल्लीत
रस्ता ओलांडून त्या घरी गेल्या.
तीच पाटी, तोच कागदी पेला,
लाकडासारखं दिसणारं तेच टेबल.

नऊ वर्षं मी या काचेच्या बाहेर उभी आहे.
गळ्यात सरकारी ओळखपत्र, हातात मिटलेली छत्री.
पाहुणे आत जातात, मी सावलीची बाजू धरते.
तुम्हीही चला, असं कुणी म्हणत नाही असं नाही.
म्हणतात. मी सांगते, नाईन, डांके,
आत्ताच चहा झालाय.
झालेला नसतो.

आज मात्र गेले.
कारण सांगते, लाजण्यासारखं त्यात काही नाही:
घरून निघाले साडेसहाला,
आणि अपोलो बंदर ते काळा घोडा
बाईमाणसाला जायला जागा किती, ते मला विचारा.
म्युझियममध्ये एक, तिकीट काढलं तर.
पेट्रोल पंपावर कुलूप, किल्ली जेवायला गेलेली.
पालिकेचं आहे, तिथं दार आहे, पाणी नाही,
किंवा पाणी आहे, दार नाही.
कमान किती फूट, कोणत्या साली, दगड कुठला
हे परीक्षेसाठी घोकलं.
हा दुसरा नकाशा ओटीपोटानं पाठ केला.

आत शिरलो आणि उर्झुलाबाई एकदम गाईड झाल्या.
इथं बोलायचं, इथं सरकायचं,
इथं आपलं नाव यायची वाट बघायची.
साखर तिकडे. झाकण असं बसतं.
कोपराला धरून दाखवत होत्या,
सकाळी मी त्यांना फुटपाथ दाखवला तसं.
मी मान डोलवली
पर्यटक डोलावतात तशी, निम्मं कळून.
पोरानं नाव विचारलं. दमयंती पाठारे, म्हटलं.
पेल्यावर त्यानं नुसता डी काढला.
तीनशे दहा रुपये. माझे मी दिले.

पावतीच्या तळाशी, करबिर झाल्यावर,
बारीक अक्षरात: प्रसाधनगृह, ४४०७.

चार, चार, शून्य, सात.
आरसा. पाणी. साबणाला कसलासा लिंबाचा वास.
आणि कडी, आतून लागणारी.
त्या कडीकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसले.
बाहेर कॉफी गार होत होती.
होऊ दे.

कोपऱ्यावर सुगरा होती, लांबुळके फुगे घेऊन.
तिला मी रोज हाकलते.
खोटं कशाला बोलू, धंद्याचा भाग आहे तो.
एकदा हाकलता हाकलता बाटली पुढे केली होती,
तर म्हणाली, नक्को, पिया तो जाना पडता.

उर्झुलाबाई कबुतरांचे फोटो काढत होत्या.
मी पावतीची घडी तिच्या पिशवीत टाकली.
म्हटलं, खालचा नंबर. शाम तक चलेगा शायद.
तिनं पावती उलटसुलट केली,
काचेमागचा वॉचमन बघितला,
मग माझ्या गळ्याकडे बोट करून म्हणाली,
और ये?

ते तर काढून देता येत नाही.

मी छत्री उघडली, उंच धरली,
सवयीनं, माझ्यामागून या अशी.
सुगरा निघाली, फुगे काखेला मारून.
उर्झुलाबाईही आल्याच,
त्यांना वाटलं असेल पुढचं ठिकाण.
वॉचमननं दाराच्या दांड्यावर हात ठेवला.
अजून आत ढकललेलं नाही, बाहेर ओढलेलं नाही.
माझा ग्रुप आहे, म्हटलं.
तिघी.